लेकीचा डिस्लेक्सिया: तपासणी, प्रमाणपत्र आणि घरचा वाचनतास

आम्ही परभणी जिल्ह्यातल्या सेलूचे. मुलगी मराठी माध्यमात शिकते, यंदा पाचवीत आहे. तिला डिस्लेक्सिया, म्हणजे लेकरू हुशार असूनही वाचायला-लिहायला शिकणं जड जाणं, आहे हे सरकारी कागदावर यायला साधारण दीड वर्ष गेलं. त्या काळात रात्री सगळी निजानीज झाली की मी मोबाइलवर शोधत बसायचे. सापडायचं ते एकतर इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’ उलटे लिहिणाऱ्या मुलांबद्दल, नाहीतर मुंबई-पुण्याच्या केंद्रांबद्दल. पहिल्या वेलांटीवर अडणाऱ्या लेकराला कसं शिकवायचं आणि सेलूसारख्या गावातून नेमकं कुठे जायचं, हे काही केल्या मिळेना. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते आहे. रकमा माझ्या खर्चाच्या वहीतल्या आहेत, आज थोड्या वाढलेल्या असतील.

मुलगी 2021 च्या जूनमध्ये पहिलीत गेली. ते वर्ष बरंचसं मोबाइलवरच गेलं, त्यामुळे तिला अक्षरं येत नाहीत याचं कुणाला काही वाटलं नाही. सगळीच लेकरं मागे पडली होती. दुसरीत शाळा नीट सुरू झाली, बाकीची मुलं भराभर वाचायला लागली आणि ही तिथेच राहिली. वर वर पाहिलं तर कळायचंही नाही, कारण धडा ती धडाधड म्हणून दाखवायची. 2022 च्या गणपतीच्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं की तिचं बोट एका ओळीवर आहे आणि तोंड दुसऱ्या ओळीवर. धडा पाठ होता. त्याच धड्यातला मधलाच ‘बाजार’ हा शब्द वेगळ्या कागदावर लिहून दिला तर तिने चित्र शोधायला पान उलटलं.

मग मी वहीत टिपायला सुरुवात केली. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत रोज गोंधळ. बाराखडी चालीवर म्हणते, पण ‘कु’ एकटा दाखवला तर सुरुवातीपासून म्हणत त्याच्यापर्यंत जावं लागतं. वारांची नावं क्रमाने येत नाहीत. काल आणि उद्या यांची अदलाबदल. भेंड्या खेळताना शब्दाचं शेवटचं अक्षर पकडता येत नाही. दुसरीकडे, ऐकलेली गोष्ट महिन्याने सांगायला लावा, बारकाव्यांसकट सांगणार. दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशेब बरोबर. ही वही पुढे सगळीकडे उपयोगी पडली. डॉक्टर, शाळा, मानसशास्त्रज्ञ, प्रत्येकजण ‘कधीपासून?’ आणि ‘नेमकं काय?’ हे दोन प्रश्न विचारतो. तुम्हाला नुसती शंका असेल तरी आजपासून तारीख घालून लिहीत जा.

सल्ले पुष्कळ आले. शिकवणी लावा, इंग्रजी शाळेत टाका, ब्राह्मी पाजा, पोरीच्या जातीला एवढं काय घेऊन बसलात. एका शिबिरवाल्याने ‘मेंदू जागृती’साठी अठरा हजार सांगितले. सासूबाई तेवढ्या ठामपणे म्हणाल्या, “लेकरू हुशार हाय. त्याला अक्षरच दिसंनात का काय, ते बघा आधी.” आणि खरोखर आधी तेच बघायचं असतं. डोळे आणि कान. परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासणीचे 300 रुपये, कानाच्या ऑडिओमेट्रीचे 700. दोन्ही ठीक निघालं. वाईट वाटावं की बरं, ते कळेना. पण हे दोन कागद हातात असल्याशिवाय पुढचं कुणी काही करत नाही, त्यामुळे तो खर्च आणि ती चक्कर टाळू नका.

शाळेत बोलायला गेले तेव्हा मनात धाकधूक होती. वर्गशिक्षिका बाईंनी मात्र दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, मीच तुम्हाला बोलावणार होते.” त्यांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मला अजिबात माहीत नव्हत्या. एक, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, ते फक्त वजन-उंची आणि दात बघत नाही. त्यांच्या यादीत अध्ययनातल्या अडचणीही आहेत आणि ते पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देऊ शकतात. दोन, समग्र शिक्षा अभियानात तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. पथकाची फेरी होऊन गेली होती, ती पुन्हा पुढच्या वर्षी. विशेष शिक्षक मात्र पंधरा दिवसांत आले. मुलीशी खेळत खेळत त्यांनी काही शब्द वाचून घेतले आणि मला सांगितलं, मानसशास्त्रज्ञाकडून तपासून घ्या, थांबू नका.

सरकारी रुग्णालयात विचारलं तर उत्तर मिळालं, आठ वर्षं पूर्ण झाल्यावर या. मुलगी साडेसात वर्षांची होती. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया त्यातच येतो) प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच द्यावं असं होतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. मला त्या वेळी समजलेलं नव्हतं ते एवढंच की ही अट प्रमाणपत्रासाठी होती. शिकवायला सुरुवात करण्यासाठी वयाची कसलीही अट नाही, उलट जितकं लवकर तितकं लेकराला सोपं.

डिसेंबर 2022 मध्ये आम्ही संभाजीनगरच्या एका खासगी मानसशास्त्रज्ञ बाईंची वेळ घेतली. महिनाभर थांबावं लागलं. दोन बैठका आणि लेखी अहवाल मिळून 5,500 रुपये. रेल्वेने अडीच-तीन तास लागतात. पहिल्या वेळी आम्ही पहाटे निघून थेट तपासणीला गेलो आणि मुलगी पेंगुळली, म्हणून बाईंनीच काम थोडक्यात आवरून दुसरी तारीख दिली. दुसऱ्या वेळी आदल्या दिवशीच जालन्याला नणंदेकडे मुक्काम केला. लांबून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, दमलेल्या लेकराची चाचणी खरी येत नाही. सोबत शाळेच्या वह्या न्या, शक्यतो चुका असलेल्या. मी नीटनेटक्या वह्या काढल्या होत्या, बाईंनी कच्ची वही मागून घेतली.

आत जाण्याआधी लेकीने मला विचारलं, “मी ढ आहे का हे बघायचं आहे का?” वर्गात कुणीतरी तिला तसं म्हटलेलं होतं. तोवर ती कधी बोलली नव्हती. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की तुला कसं शिकवलं की सोपं जाईल, ते या बाई आम्हाला सांगणार आहेत. माझं सगळं अवसान त्या एका प्रश्नात गेलं होतं, पण तिला ते उत्तर पटलं असावं, कारण ती हात सोडून आत गेली.

बाईंनी आमच्याशी तासभर बोलून घेतलं. बाळंतपण कसं झालं, बोलायला कधी लागली, कधी झटके आले होते का, घरात आणखी कुणाला वाचायला जड जायचं का. या शेवटच्या प्रश्नावर मुलीच्या बाबांनी मान वर केली. तिच्या आबांनी चौथीतच शाळा सोडली. मोंढ्यात कापसाचा हिशेब ते आजही तोंडी करतात, आकडा चुकत नाही. पेपर मात्र दुसऱ्याला वाचायला लावून ऐकतात. हा प्रकार घराण्यात चालत येतो, असं बाई म्हणाल्या. नंतर मुलीची बुद्धिमापन चाचणी झाली आणि मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने तयार केलेला चाचणीसंच यासाठी सरकारी यंत्रणेतही वापरतात. मराठीतून चाचणी हवी असेल तर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. वेळ घेतानाच विचारा की माझ्या लेकराची तपासणी त्याच्या शिकण्याच्या भाषेत होईल ना. इंग्रजी शब्द वाचायला देऊन मराठी शाळेतल्या मुलाबद्दल काही ठरवता येत नाही.

अहवालात बुद्ध्यांक सरासरीच्या वर, वाचन पहिलीच्याही खाली, आणि निष्कर्ष ‘डिस्लेक्सियाची दाट शक्यता, सहा महिने पद्धतशीर शिकवून पुन्हा तपासणी’ असा होता. बाईंनी समजावून सांगितलं ते मला असं कळलं: बोलणं लेकराला आपोआप येतं, वाचणं तसं येत नाही. वाचायचं म्हणजे बोललेल्या शब्दाचे तुकडे कानाने वेगळे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला कागदावरची खूण जोडायची. डिस्लेक्सियात ही जोडणीच कच्ची राहते. डोळ्यांत दोष नसतो, म्हणून रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांच्या नादी लागू नका. आळस नसतो, म्हणून मारून काही होत नाही. आणि तेच धडे पुन्हा पुन्हा घोकून घेणारी शिकवणीही कामाची नाही, कारण लेकरू ते पाठ करून टाकतं. औषध नाही. शिकवणं हाच उपाय: आवाजापासून सुरुवात, क्रमाने, उघड करून सांगत, रोज थोडं.

संभाजीनगरला आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिकेकडे नेणं आम्हाला शक्य नव्हतं. तास 500 रुपयांचा आणि प्रवासात दिवस जाणार. मी पतसंस्थेत नोकरी करते, यांचं कृषी सेवा केंद्र, जून-जुलैत तर यांना जेवायला उसंत नसते. म्हणून बाईंनी महिन्याचं काम आखून द्यायचं, मी घरी करायचं आणि महिन्यातून एकदा फोनवर बोलायचं, असं ठरलं.

वेळ वीस मिनिटं, त्यापुढे नाही. आम्ही सकाळची वेळ धरली, कारण शाळेतून आलेलं लेकरू दिवसभर अक्षरांशी झगडून आलेलं असतं. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की हे वेळापत्रक मोडतं; मार्च-एप्रिलमध्ये आम्ही ऊन उतरल्यावर गच्चीवर बसायचो.

पहिले जवळजवळ दोन महिने पुस्तक उघडलंच नाही. हे मला फार जड गेलं. परीक्षा तोंडावर आणि आम्ही टाळ्या वाजवत बसलेलो. पण काम कानाचं होतं. शब्द म्हणायचा आणि त्याच्या तुकड्यांना टाळ्या द्यायच्या: पा-णी, मा-ती, बा-हु-ली. इथे एक मेख आहे. ‘भाकरी’ लिहिताना तीन अक्षरं, पण आपण बोलतो ‘भाक-री’. लेक दोनच टाळ्या वाजवायची आणि ती बरोबर होती. म्हणून सुरुवातीला बोलण्यात आणि लिहिण्यात सारखेच तुकडे पडतात असेच शब्द घ्या, ‘भाकरी’, ‘बाजार’ मागाहून. मग ‘वेगळा कोण?’: पाटी, पाणी, माती. मग अक्षर काढून टाकायचं: ‘कपाट’मधून ‘क’ काढला तर? पाट. ‘कमान’मधून? मान. ‘सकाळ’मधून? काळ. हे तिला इतकं आवडलं की भाजी निवडताना, गाडीवर जाताना, कुठेही चालायचं. भेंड्यांचं खातं आबांकडे गेलं. ते गावांच्या नावांच्या भेंड्या लावायचे: सेलू, लातूर, रेणापूर, राजूर. ‘र’वर आलं की दोघंही अडायचे, मग ‘र’चं गाव शोधायला आजीही येऊन बसायची. ज्यांनी शाळा सोडल्यापासून पुस्तक हातात धरलं नाही त्या आबांनी नातीच्या वाचनाचा पाया घातला, हे मी अगदी जाणूनबुजून लिहिते आहे. या कामाला शिकलेलं माणूसच लागतं असं नाही.

मार्च 2023 पासून अक्षरं. क-ख-ग-घ या क्रमाने गेलो नाही. आधी फक्त क, म, न, प, ल ही पाच आणि काना. एवढ्यात किती शब्द होतात बघा: कान, पान, नाक, काम, लाल, पाल, माल, काका, मामा, नाना. पाच अक्षरांच्या जोरावर ती पहिल्यांदा, चित्र न बघता, कधी न पाहिलेला शब्द वाचू शकली. तो शब्द ‘कमान’ होता. त्या दिवशी मी पतसंस्थेत उशिरा पोचले.

सारखी दिसणारी अक्षरं एकत्र शिकवायची नाहीत, हा बाईंचा सगळ्यात मोलाचा नियम. घ पक्का होईपर्यंत ध ला हात लावायचा नाही. भ-म, ब-व, प-ष, थ-य, ड आणि इ, यांनाही तेच. शाळेत ही मागेपुढे येतात, त्याला इलाज नाही, पण घरी मध्ये काही आठवडे जाऊ द्या. अक्षर शिकताना तोंड, कान आणि हात एकाच वेळी चालले पाहिजेत. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या पॉलिश पेपरची अक्षरं कापून मी पुठ्ठ्यावर चिकटवली. ती बोटाने गिरवायची आणि आवाज मोठ्याने म्हणायची. परातीत ज्वारीचं पीठ पसरून त्यात काढायची. पॉलिश पेपर, पुठ्ठे, स्केचपेन, सगळं मिळून तीनशे रुपयेही झाले नाहीत. दुकानातले महागडे संच बहुतेक इंग्रजी अक्षरांचे असतात, त्यात पैसे घालू नका.

काना-मात्रांचा क्रमही बदलला. काना, मग दुसरी वेलांटी, मात्रा, काना-मात्रा, उकार, आणि पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी. कारण ‘दिवा’ लिहिताना वेलांटी द च्या आधी दिसते आणि म्हणायची मात्र नंतर. सरळ डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या लेकराला तिथे थबकायला होतं. आमची लेक अशा वेळी वेलांटी गाळूनच टाकायची, ‘पिशवी’चं ‘पशवी’. मी वेलांटी लाल पेनने काढायचे आणि तिला एकच सांगायचे, लाल दिसलं की आधी शेजारचं अक्षर धर. लाल रंग आम्ही चार-पाच महिने ठेवला, मग हळूहळू काढला. बाराखडीचा तक्ता भिंतीवरून काढून टाकला आणि त्याची पत्त्यांसारखी कार्डं केली, म्हणजे चालीवर म्हणायची सोयच उरली नाही.

आणखी एक गोष्ट, जी आमच्याकडच्या लेकरांबाबत घडणार. पुस्तकात लिहिलेलं असायचं ‘आई भाकरी करत आहे’ आणि ती वाचायची ‘आई भाकरी करायली’. मी घाबरून फोन केला. बाई म्हणाल्या, अर्थ बरोबर लागतो आहे, ही चांगली खूण. घरची बोली चूक म्हणून तिला अडवू नका, फक्त ‘कागदावर काय आहे ते बोट ठेवून दाखव’ म्हणा. तेव्हापासून आम्ही दोन वाक्यं करतो, एक आपल्या बोलण्यातलं, एक पुस्तकातलं, आणि ती दोन्हींतला फरक स्वतः शोधते.

चूक झाली की मी लगेच शब्द सांगत नाही. मनात पाचपर्यंत मोजते. नाही जमलं तर पहिला आवाज देते. तरी नाही तर शब्द सांगून पुढे जाते. अडून बसत नाही, नाहीतर वाक्याचा अर्थ निसटतो. पोस्टकार्डाला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावर सरकवत नेली की ओळ चुकत नाही. आणि रात्री निजताना मी तिला वाचून दाखवते, तिच्या वयाच्या, तिला स्वतःला वाचता येणार नाहीत अशा गोष्टी. हे वीस मिनिटांत धरलेलं नाही. वाचायला उशीर झाला म्हणून शब्द, कल्पना, गोष्टींची गोडी यांना उशीर व्हायला नको. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि त्यांना वाचनाच्या पातळ्या दिलेल्या आहेत, पहिल्या पातळीत पानावर एखादंच वाक्य असतं. तिसरीच्या मुलीच्या हातात बालवाडीचं पुस्तक दिल्याचं तिला वाटत नाही, हा त्याचा मोठा फायदा. बालभारतीची पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून मोठ्या अक्षरात छापून घेता येतात. झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेतो.

वाईट दिवसही होते. कार्डं फेकून दिलेले, रडलेले, ‘मला नाही येणार’ म्हणून पाठ फिरवून झोपलेले. पावसाळ्यात एकदा ताप आल्यावर दोन आठवडे सगळं बंद पडलं आणि पक्की झालेली अक्षरं पुन्हा डळमळली. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होतं, पुन्हा मागच्या पायरीवर या, तिथून लवकर वर जाल. तसंच झालं.

जून 2023 मध्ये तिला आठ पूर्ण झाली आणि जुलैत आम्ही स्वावलंबन कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर अर्ज भरला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत, त्यांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे, तो निवडायचा. अर्ज मोफत आहे. ई-सेवा केंद्रवाल्याने भरून द्यायचे 100 रुपये घेतले. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा लागला. सोबत शाळेचं पत्र, खासगी अहवाल, डोळ्या-कानांचे कागद यांच्या प्रती जोडून ठेवल्या. शाळेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरनअक्षर जुळतं का, ते आधी पाहा. आमच्या मुलीच्या आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं होतं, ते दुरुस्त होण्यात तीन आठवडे गेले.

अर्जात रुग्णालय निवडावं लागतं आणि सगळा वेळ इथे जातो. मराठवाड्यात संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूरला जुनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, परभणीसह काही ठिकाणी अलीकडे नवी झाली आहेत. अर्ज करण्याआधी फोन करून किंवा कुणाला पाठवून विचारा: अध्ययन अक्षमतेची तपासणी तुमच्याकडे होते का, मानसशास्त्रज्ञ सध्या आहेत का, कोणत्या वारी बसतात. आम्ही निवडलेल्या ठिकाणी ते ठरावीक वारीच बसायचे आणि एका दिवशी मोजक्याच मुलांना घ्यायचे. सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञांनी पाहिलं. बुद्धिमापन चाचणी पुन्हा झाली, खासगी अहवाल असला तरी ती होतेच. वाचनाच्या चाचणीची तारीख नोव्हेंबरची मिळाली, त्या दिवशी रजेमुळे ती पुढे गेली. जानेवारी 2024 मध्ये प्रमाणपत्र आलं आणि कार्ड त्यानंतर टपालाने. पैसे फक्त प्रवासाचे आणि केस पेपरचे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, बारा वर्षांच्या आतल्या लेकरांनाही, त्यामुळे मी आणि लेकच जायचो; डबा, पाण्याची बाटली आणि रांगेत खेळायला शब्दांची कार्डं.

‘दिव्यांग’ हा शिक्का मुलीवर कशाला, असं घरात एका बैठकीत बोललं गेलं. पुढे लग्नाला अडेल, हे न बोलता सगळ्यांच्या मनात होतं. मुलीच्या बाबांनी तेव्हा सांगितलं की तिला पेपर लिहायला वेळ मिळणार असेल तर तो तिचा हक्क आहे आणि आपण तो घ्यायचा. पुन्हा तो विषय निघाला नाही.

शाळेसाठी मी मुख्याध्यापक सरांना अहवालासोबत त्याच अधिनियमाच्या कलम 16 ची प्रत दिली. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य ती शैक्षणिक पावलं उचलण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांची आहे, असं त्यात आहे. भांडायला लागलं नाही. ठरलं ते लेखी घेतलं: वर्गात अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावायचं नाही, फळ्यावरचं उतरवायला वेळ द्यायचा किंवा बाईंनी वही द्यायची, परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी घ्यायची, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापायचे नाहीत. यातली पहिली गोष्ट झाल्यावर तिचं सकाळी पोट दुखणं थांबलं. वर्गशिक्षिका बाईंची बदली झाली तेव्हा हा कागद नव्या सरांना दाखवता आला. तोंडी ठरवलेलं बदलीबरोबर जातं.

चौथीचं वर्ष जोडाक्षरांत गेलं. ‘म्ह’, ‘स्त’, ‘क्क’ लवकर जमली. र चे प्रकार अजून चालू आहेत. ‘गर्दी’त रफार दी च्या डोक्यावर, म्हणायचा मात्र त्याच्या आधी, ‘प्र’मध्ये तोच र पायाशी तिरकी रेघ होऊन बसतो, ‘राष्ट्र’मध्ये आणखी निराळा, ‘दुसऱ्या’त पुन्हा वेगळा. प्रत्येक प्रकार वेगळं अक्षर असल्यासारखा शिकवावा लागतो, आणि एकाच्या पाठोपाठ दुसरा नाही. च आणि ज चे दोन-दोन आवाज, ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला, हे मात्र तिने आपसूक उचललं, कारण शब्द तिच्या कानाला ओळखीचे होते.

आज ती तिसरीच्या पातळीचा मजकूर स्वतः वाचते. हळू वाचते, लांब शब्दाला थांबते, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतंच. गणितात शाब्दिक उदाहरण कुणी वाचून दिलं तर सोडवते. इंग्रजीची अडचण खूप मोठी आहे, कारण तिथे एका अक्षराचा एकच आवाज नाही. ते काम आम्ही दिवाळीनंतर हाती घेतलं आहे, पुन्हा कानापासूनच. महिन्यातून एकदाचा मानसशास्त्रज्ञ बाईंचा फोन चालू आहे, आता त्याचे 400 रुपये घेतात.

आमच्यावेळच्या नियमाप्रमाणे चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागायची आणि अठराव्या वर्षी शेवटची. दहावीच्या परीक्षेला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. परभणी-हिंगोलीकरांसाठी ते संभाजीनगरला, लातूर-नांदेड-धाराशिवकरांसाठी लातूरला. म्हणून नववी सुरू होण्याच्या आत कागद ताजे हवेत. मी एक फाइल केली आहे: मूळ प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, वर अनुक्रमणिका, आणि सगळ्यात मागे ती 2022 ची टिपणांची वही.